मशेरी सोडताना

आमच्या कॉलनीतल्या बायका हल्ली संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून येतात. वाटीभर साखर नेतात, दारातच रेंगाळतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "बाई, तुम्ही कशी सोडली?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं, म्हणून हे लिहिते आहे. उपदेश करणार नाही. शाळेत दिवसभर तोच उद्योग असतो आणि त्याचा मला स्वतःलाच कंटाळा आहे.

मी नाशिकरोडला प्राथमिक शाळेत शिक्षिका. प्रार्थना झाली की मुलांची नखं आणि दात तपासायचं काम माझ्याकडे होतं. ज्याचे दात पिवळे, त्याला मी रांगेतून बाहेर काढायची. माझे स्वतःचे दात तेव्हा मुळाशी काळे होते. पण बाईंचे दात तपासायची पद्धत कुठल्याच शाळेत नाही.

मशेरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. पाच मिनिटांचं काम अर्धा तास चालतं. मध्ये थुंकायचं, बोलायचं, पुन्हा बोट डबीत. ती लावल्याशिवाय डोकं ताळ्यावर येत नाही आणि, स्पष्टच लिहिते, पोटही साफ होत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी दाढ ठणकत होती. सासूबाईंनी आपली डबी पुढे केली आणि ठणका थांबला. तेव्हापासून चौदा-पंधरा वर्षं रोज सकाळी मी त्यांच्याबरोबर मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसत आले होते.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. चांदवडकडच्या. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, तेव्हापासून त्या यजमानांकडेच राहत. बोलणं मोजकं. दिवसभर त्या सासू आणि मी सून. पण त्या अर्ध्या तासात त्या माझ्याशी बोलायच्या, लहानपणाचं, शेतातलं, मेलेल्या दोन मुलींचं. एरवी त्या मुलींची नावंसुद्धा घरात कोणी काढत नसे.

*

ऐंशी सालाच्या सुमाराची ही गोष्ट. उन्हाळ्यात जेवताना लोणच्याचा खार डाव्या गालाला आतून झोंबला. दोन दिवस झोंबतच राहिला. तिसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन आरशासमोर उभी राहिले. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, दुधावर साय धरते तसा. बोटाने पुसून पाहिला. निघाला नाही.

यजमान मला घराजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "पान, तंबाखू, सुपारी, काही?"

मी हसले. "छे हो. मी शिक्षिका आहे."

यजमानांनीही दुजोरा दिला. "आमच्या घरात कोणालाच कसलं व्यसन नाही."

आम्ही खोटं बोललो नाही, हे लक्षात घ्या. तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून मळतात आणि ओठात धरतात ती. मशेरी म्हणजे दात घासणं. मोरीत मुलांच्या टूथपेस्टशेजारीच तिची डबी असायची. तिला कोणी व्यसन म्हणेल हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एका दाढेची कड घासते आहे असं म्हणून डॉक्टरांनी ती कड कानशीने गुळगुळीत केली, लावायला जांभळं औषध दिलं आणि निघताना बजावलं, "तोंड अगदी स्वच्छ ठेवायचं."

मी अगदी स्वच्छ ठेवलं. पूर्वी फक्त सकाळी मशेरी लावत होते, आता दुपारी शाळेतून आल्यावर आणि जेवण झाल्यावरही लावू लागले. आधी मशेरी, मग चूळ, मग जांभळं औषध. औषध नेमाने चाललं होतं. सहामाही परीक्षा आली तोवर चट्टा दाढेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे सरकला होता आणि त्याच्या मधोमध लाल दिसू लागलं होतं.

*

वर्गात बोलताना मी गाल धरते हे पाहून मुख्याध्यापिकांनी सुट्टी मागायच्या आधीच दिली आणि मला सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. तिथे दातांच्या विभागात एक डॉक्टरबाई नव्याने आल्या होत्या. वय माझ्याहून कमी. यजमान बरोबर होते. बाकड्यावर तास-दीड तास बसावं लागलं. गाल सुजलेले, पट्ट्या बांधलेले लोक शेजारी होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

डॉक्टरबाईंनीही तंबाखूचं विचारलं. मीही ठरलेलं उत्तर दिलं. त्यांनी छोटा आरसा तोंडात घातला, गाल ताणून बराच वेळ पाहिलं आणि मग वेगळाच प्रश्न केला. "सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा बरं. पहिलं काय?"

"पहिलं म्हणजे मागच्या दारात बसून मशेरी लावते. आता दिवसातून तीनदा लावते."

"तीनदा का?"

"तोंड स्वच्छ ठेवायला सांगितलंय म्हणून."

त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. "घरी मशेरी कशाची करतात?"

"तंबाखूची," मी म्हणाले.

म्हणाले आणि माझाच शब्द मला ऐकू आला. यजमान खिडकीबाहेर पाहू लागले. त्या खोलीत मला आधी लाज वाटली. भीती नंतर आली.

त्याच आठवड्यात त्यांनी गालाचा छोटा तुकडा काढला. सुई टोचली तेवढीच दुखली. गाल बधिर असताना तोंडात काहीतरी ओढल्याचं कळत होतं. एक टाका घातला. दवाखान्यातल्या आयाबाईने माझा हात धरून ठेवला होता आणि तो तिने बाहेर बाकड्यापर्यंत सोडला नाही. तुकडा तपासायला मुंबईला गेला.

त्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. शाळेत मी भागाकार शिकवत होते आणि मनात मुलांच्या वयांचा हिशेब करत होते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. मला मरणाची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त गाल कापून टाकतील याची. असा कापलेला गाल मी दवाखान्यात पाहिला होता. त्या बाई पाणी पीत होत्या आणि पाणी बाहेर येत होतं. घरात कोणी त्या रोगाचं नाव घेत नव्हतं. यजमान पाटबंधारे खात्यातून आले की रोज सायकल पुसत बसायचे. एवढी चकचकीत सायकल आमच्या घरात पुन्हा कधी नव्हती.

निकाल आला. कॅन्सर नव्हता.

"पण वाट तीच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मशेरी थांबली तर चट्टा मागे जाऊ शकतो. नाही थांबली, किंवा थांबूनही नाही गेला, तर तेवढा भाग कापावा लागेल. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत आपण वाट पाहू."

*

मी म्हणाले, आजपासून बंद. त्यांना फारसा आनंद झालेला दिसला नाही. म्हणाल्या, "नुसतं समजल्याने सवय सुटली असती तर एकाही डॉक्टरने सिगारेट ओढली नसती." माणसाला कळतं तरी वळत का नाही, याचा त्यांनी मुंबईला शिकताना अभ्यास केला होता. मला तोवर वाटायचं, हा काय अभ्यासाचा विषय झाला.

"सोडायची इच्छा रुपयात किती आणे आहे?" त्यांनी विचारलं.

"सोळा आणे."

"आणि जमेल असं किती वाटतं?"

मी खरं सांगितलं. "चार आणे."

मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या म्हणाल्या, "चार तरी कशाच्या जोरावर? शून्य का नाही?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. विचार करून मी सांगितलं, की दोन्ही खेपेला दिवस गेले असताना मला मशेरीचा वास सोसत नव्हता. तेव्हा सात-आठ महिने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही ती दोनदा सोडलेली आहे," त्या म्हणाल्या. "मग परत कशी लागली?"

"आत्याबाई उंबऱ्यावर बसायच्या. मी पण जाऊन बसले."

"मशेरीसाठी बसलात की आत्याबाईंसाठी?"



त्यांनी मला सांगितलेलं सगळं अगदी साधं होतं. सवय जागेला आणि वेळेला चिकटलेली असते, म्हणून जागा बदला. उठल्यावर मागच्या दाराकडे जाऊच नका, पुढच्या नळावर उभ्यानेच ब्रश करा. चहा आधी घ्या. पोटासाठी रात्री इसबगोल. बोटाला आणि तोंडाला चाळा हवा असतो, तर जवळ बडीशेप ठेवा. आणि घसरलात तर माझ्याकडे या, लपवू नका.

मी चौथ्याच दिवशी घसरले. डोकं फुटत होतं, वर्गात दोन मुलांना उगाच मारलं होतं. दुपारी घरी आले तर आत्याबाई तव्यावर मशेरी भाजत होत्या. वास दारापर्यंत आला होता. पर्स खांद्याला तशीच ठेवून मी तव्यातली चिमूट उचलली.

डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. का घसरलात, असं त्यांनी विचारलंच नाही. कुठे आणि कशाने, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "हे तुमच्या एकटीचं काम नाही. सासूबाईंशी बोला."

ते यजमानांनी ऐकलं आणि माझ्याआधी तेच बोलले. घरी येऊन त्यांनी डबी नाल्यात फेकली आणि आत्याबाईंना म्हणाले, "तुझ्यामुळे हिला कॅन्सर व्हायची पाळी आलीय."

आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि एस. टी. धरून चांदवडला माझ्या थोरल्या दिरांकडे निघून गेल्या. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

*

त्यानंतर फार सोपं गेलं. घरात डबी नाही, वास नाही, उंबऱ्यावर कोणी नाही. पहिला पंधरवडा चिडचिडीत गेला, मग तीही ओसरली. जेवणाला चव आली. मेथीची भाजी इतकी कडू असते हे मला नव्याने कळलं. नाताळच्या सुमारास डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की चट्टा विरळ होतो आहे.

मी खूष होते. त्या नव्हत्या. "सासूबाई परत आल्या की काय कराल?"

"त्या येणार नाहीत बहुतेक."

"म्हणजे मशेरी सोडायला सासूबाई सोडाव्या लागल्या. आज ना उद्या शेजारी, लग्नात, शाळेत कोणीतरी डबी पुढे करणारच. तेव्हा कोणाला घराबाहेर काढाल?" मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यांच्यावर दोष ठेवला, म्हणून त्या गेल्या. त्यांना काम द्या."

रविवारी मी चांदवडला गेले. जाताना रस्ताभर मनात भाषण तयार केलं आणि तिथे पोचल्यावर त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. आत्याबाई अंगणात कांद्याची रोपं निवडत बसल्या होत्या. मला पाहून सरकल्या, जागा दिली, पण तोंड वर केलं नाही.

"मी तुला इख दिलं व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"हे बोलले. मी नाही बोलले."

"तू गप ऱ्हायली. त्ये काय येगळं हाय?"

त्यांचं खरं होतं. मी म्हणाले, "आत्याबाई, तिथे तुमच्याशिवाय घर गप्प झालंय. पण तुम्ही आलात तर माझी सुटायची नाही अशी भीती वाटते. मला तुमची मदत पाहिजे."

"मला नाय सोडता यायची. आता या वयात सोडून काय व्हायचंय?"

"तुमची सोडा म्हणत नाही. घरात भाजू नका एवढंच. आणि मी मागितली तर मला द्यायची नाही."

"तू मागशील?"

"मागेन. पाया पडले, रडले, तरी द्यायची नाही."

त्यांनी हातातलं रोप बाजूला ठेवलं. "शिव्या दिल्या तर चालंल का?"

"चालेल."

"मंग येते," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला सांग, मला आनायला तू आलीस म्हनून येते. त्याच्यासाठी नाय."

*

आत्याबाईंनी ते काम मनावर घेतलं. पलीकडच्या चाळीत एका म्हातारीकडे जाऊन भाजायच्या. डबी कमरेला खोचलेली असायची, आंघोळीला जातानाही सोबत. उंबरा त्यांनी सोडला आणि सकाळी मागच्या गल्लीत दगडावर जाऊन बसू लागल्या. मी ब्रश करून, चहाचे दोन कप घेऊन, मशेरी आटोपून त्या परत आल्या की उंबऱ्यावर जायची. पहिले काही दिवस आम्हाला काय बोलावं सुचेना. मशेरीशिवाय एकमेकींच्या शेजारी बसायची दोघींनाही सवय नव्हती. हळूहळू बोलणं सुरू झालं, आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. इतकी वर्षं त्या तोंडात मशेरी धरून, मान वर करून बोलायच्या. त्यांचा सकाळचा मोकळा आवाज मी आता ऐकत होते.

एकदा मी मागितली. शाळातपासणीचा दिवस होता. साहेबांनी वर्गासमोर माझा अपमान केला होता. घरी आले आणि सरळ आत्याबाईंपुढे हात केला. "चिमूटभर. एकदाच."

"नाय."

"तुम्हीच शिकवलीत ना? मग आता द्यायला काय होतं?"

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. आत्याबाईंनी डबीवर हात दाबून धरला. "शिकवली म्हनून तर देत नाय," त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. मी भिंतीला टेकून रडले. चहा झाल्यावर तल्लफ गेली होती. तल्लफ दहा-पंधरा मिनिटांची असते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. ते तोवर मला पटलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तपासायला गेले तेव्हा आत्याबाई हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरबाईंनी गाल ताणला, दिवा जवळ आणला आणि माझ्या हातात आरसा दिला. चट्टा नव्हता. टाक्याची बारीक रेघ होती, बाकी गाल गुलाबी. "कापायची गरज नाही," त्या म्हणाल्या. मी तिथेच खुर्चीवर हमसून रडले. आत्याबाईंनी डॉक्टरबाईंना विचारलं, "पुन्ना नाय ना व्हनार?"

"मशेरी लागली नाही तर बहुतेक नाही."

"लागू देत नाय," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचं तोंड बघू का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तर ठाम नाही म्हणाल्या. त्यांची मशेरी चालूच राहिली. त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

*

चार-पाच वर्षांनी आत्याबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्या बरेच दिवस खाटेवर पडून असायच्या आणि डबी समोर कोनाड्यात असायची. सकाळ झाली की त्यांची नजर तिकडे जायची. डबी उघडायला हात चालत नव्हता. मागत मात्र नव्हत्या.

यजमान म्हणाले, "दे की तिला लावून. आता तिचं काय बिघडणार आहे?" हेच गृहस्थ डबी नाल्यात फेकून आले होते.

मला भीती वाटत होती, आणि ती आत्याबाईंसाठी नव्हती. आजही कोणाच्या घरी मशेरी भाजत असतील तर माझ्या तोंडाला पाणी सुटतं. हे कायमचं जात नाही, ज्या विचारायला येतात त्यांना मी हे आधीच सांगते. डबीत बोट घातलं तर ते कुठे जाईल याची मला खात्री नव्हती. पण ज्या बाईने माझ्यासाठी कमरेला डबी बांधून वर्षं काढली, तिला तिची सकाळ नाकारायची, हेही मला जमेना.

एके दिवशी त्यांना उशीला टेकवून बसवलं. डबी उघडली. वास आला आणि माझ्या दोन्ही गालांना पाणी सुटलं. मी चिमूट बोटावर घेतली, पटकन त्यांच्या ओठांशी नेली आणि म्हणाले, "उघडा तोंड."

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"आत्याबाई, मी देते ना. घ्या."

त्यांनी मान हलवली. डाव्या हाताने माझं मनगट धरलं.  त्यांनी माझा हात आपल्या तोंडापासून दूर नेला, मांडीवर दाबून ठेवला, मग मनगट सोडून त्याच हाताने छातीवरचा पदर ओढला. जीभ चालत नव्हती तरी बोलायचा प्रयत्न केला. "तुझ्या... बोटाला... नगं," एवढं म्हणायला त्यांना खूप वेळ लागला. आणि पदराच्या टोकाने त्या माझं बोट पुसत राहिल्या. डावा हात सराईत नव्हता, म्हणून पुन्हा पुन्हा पुसलं. नखात राहिलं होतं, तेही काढलं.